सोमारीचा श्वास

"मॅडम, हात पुढे करा बरं," डॉक्टर कुर्वे म्हणाले.

मी केले. दहाही बोटं थरथरत होती. आत्ताच मी सोमारीच्या उशाशी उभं राहून तिच्या श्वासाचा रबरी फुगा दाबला होता आणि तो तिच्या नवऱ्याच्या, दसरूच्या हातात देऊन बाजूला झाले होते.

"ह्या हातांनी तारांना डाग देणार आहात तुम्ही?"

"जरा थांबलं की जाईल थरथर."

"थांबायला सवड कुणाला आहे? आतापासून तुम्ही फुग्याला हात लावायचा नाही. मी चक्कर येऊन पडलो तरी नाही. तुम्ही आणि ते मशीन, बस."

त्या वर्षी मी नागपुरात रुग्णालयांची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत होते. गडचिरोलीच्या पार टोकाला, जंगलातल्या एका छोट्या दवाखान्यात नवजात बाळांना ऊब देणारं यंत्र बसवायला मला पाठवलं होतं. काम झालं, पिशवी भरली, आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी नदी पुलावर चढली. वीज गेली, फोन मेले, रस्ता पाण्याखाली गेला. दवाखान्यात उरलो आम्ही तिघं: डॉक्टर कुर्वे, सिस्टर फुलझेले आणि मी. शिवाय ओसरीत पुरानं अडकलेले तापाचे, हगवणीचे रोगी.

सकाळी त्या पाण्यातून दसरू मडावीनं बायकोला आणलं. लाकूड कोरून केलेल्या डोंग्यातून, एकट्यानं वल्हवत. कसा आला ते त्यालाच ठाऊक. सोमारी रात्री जमिनीवर झोपली होती. पहाटे पोटात कळ आली म्हणून उठली, तर पापण्या वर होईनात, जीभ जड झालेली. मण्यार चावली होती. त्या सापाचा दंश धड दिसतही नाही. दवाखान्याच्या पायरीवर दसरूनं तिला खांद्यावरून उतरवलं तेव्हा तिचा श्वास थांबायला आला होता.

डॉक्टरांनी तिच्या घशात नळी घातली. विषावरचं औषध होतं नव्हतं तेवढं टोचलं. नळीला रबरी फुगा जोडला. तो दाबला की सोमारीची छाती वर यायची, सोडला की खाली बसायची. कुणी दाबलाच नाही, तर काहीच व्हायचं नाही.

"किती वेळ दाबायचा?" मी विचारलं होतं.

"विष उतरेपर्यंत. दोन दिवस. चार दिवस. जास्तही लागतील."

"हातानं?"

ते अडगळीच्या खोलीकडे बघत राहिले. तिथं चादरीखाली त्या दवाखान्याचं एकुलतं एक श्वासाचं यंत्र पडून होतं. मागच्या पावसाळ्यात बंद पडलं ते पडलंच.

मी ते सोमारीच्या खोलीच्या कोपऱ्यातल्या टेबलावर आणून उघडलं. आतून लेंड्या सांडल्या. उंदरानं संसार मांडला होता. मोटर शाबूत, हवेच्या नळ्या शाबूत, मधला बोर्डही धड. पण मधला बोर्ड आणि पुढचा बटणांचा दरवाजा ह्यांना जोडणारी जी लवचिक पट्टी असते, ती कडेनं कुरतडलेली होती. मधाच्या रंगाची, जाड कागदाएवढी पातळ पट्टी. तिच्या पोटात तांब्याच्या बारीक रेषा शेजारी शेजारी धावतात. यंत्राचं डोकं आणि यंत्राचे हात ह्यांच्यामधल्या नसाच म्हणा ना. त्यातल्या निम्म्या तुटल्या होत्या. यंत्र चालू केलं की ते स्वतःला तपासायचं, उत्तर मिळायचं नाही, आणि गप्प व्हायचं.

ही पट्टी कुणी दुरुस्त करत नाही. नवी मागवतात. नवी पट्टी पुराच्या पलीकडे होती.

"होईल का?" डॉक्टरांनी विचारलं.

"बघते," मी म्हटलं. ह्याहून खरं बोलण्याची माझी हिंमत नव्हती.

माझ्या पिशवीतली डागाची इस्त्री, म्हणजे कथील वितळवून तारा जोडायचं हत्यार, जाड टोकाची. ती पट्टीला लावली असती तर शेजारच्या चार रेषा एकदम वितळून एक झाल्या असत्या. मग तिच्या टोकाभोवती तांब्याची तार घट्ट गुंडाळली आणि तिचंच एक सुईसारखं टोक पुढे काढलं. जोडायला केसासारखी तार हवी होती. पुरापलीकडे अडकलेल्या चौकीदाराचा बंद पडलेला ट्रान्झिस्टर फोडला, त्याच्या आतल्या गुंडाळीतून ती मिळाली. डॉक्टरांनी कान तपासायचं भिंग दिलं. जनरेटर चालू केला, आणि मी ब्लेडनं पट्टीवरचा मधाळ थर खरवडायला बसले. हलक्या हातानं खरवडला तर तांबं दिसत नाही. जरा जोर झाला तर तांबंच निघून येतं.

आणि पाठीमागे सतत तो आवाज. फुग्याचा. फूस, आणि मग थांबा. फूस, आणि मग थांबा. थांबा जरासा लांबला की माझं ब्लेड थांबायचं.

दसरू फुगा दाबता दाबता तिच्या कानाशी वाकून बोलत होता. त्याच्या भाषेत, माडियात. हळू आवाजात, न थांबता. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. सिस्टर फुलझेल्यांना कळलं असतं, पण त्या ओसरीत सलाईनी लावत होत्या.

"काय सांगता हो तिला?" मी एकदा पाठमोरीच विचारलं.

त्यानं एकदा फुगा दाबला. मग म्हणाला, "काही नाही जी. घरच्या गोष्टी. धानाच्या."

"ऐकू येतं तिला?"

"डॉक्टरसाहेबाले माहीत."

डॉक्टरसाहेबांना माहीत नव्हतं. दुपारी ते माझ्या टेबलाशी आले, दसरूकडे पाठ केली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "डोळ्यांच्या बाहुल्या पसरल्यात तिच्या. उजेड टाकला तरी हलत नाहीत. चिमटा काढला, सुई टोचली, काही नाही."

"म्हणजे?"

"दुसरा कुठला रोगी असता तर म्हटलं असतं, गेली. मण्यारीत असं होतं आणि माणूस परत येतो, असं पुस्तकात आहे. मी एकही पाहिलेला नाही."

"मग?"

"मग काय, दाबायचा फुगा." ते स्वतःचं मनगट चोळत होते. "तुम्ही तुमचं करा."

एकेक रेषा. तार ठेवायची, श्वास रोखायचा, इस्त्रीचं टोक टेकवायचं, पटकन उचलायचं. क्षणभर जास्त टेकलं तर ती मधाळ पट्टी फुगते आणि तांब्याची रेषा सालीसारखी उचलून येते. दोन रेषा तशा गेल्या. त्यांना लांबून वळसा घालून नवी तार टाकावी लागली. डोळ्यांतून पाणी यायचं आणि भिंगापुढे सगळंच पोहायला लागायचं. मला सारखं वाटत होतं, की तिथं माणसं हातांनी एका बाईला जिवंत ठेवतायत आणि मी इथं खेळण्याशी खेळत बसलेय.

दिवस कलता कलता शेवटची रेषा जोडली. बटण दाबलं. दरवाज्यावर हिरवा दिवा लागला. आकडे उमटले. मोटर घुरघुरली.

"लागलं!" मी ओरडले. डॉक्टर धावत आले. सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या. दसरूनं मान वर केली, पण हात थांबवले नाहीत.

मी दरवाजा मिटला, पेच आवळले. दिवा विझला.

पुन्हा उघडला. पट्टी दरवाज्याच्या बिजागरीशी वाकते, आणि माझे सगळे डाग नेमके त्या वाकणाऱ्या जागी होते. तांबं वाकतं, डाग वाकत नाही. निम्मे तडकले होते. आणि तडकताना त्यांनी चांगल्या रेषांचीही सालं ओढून नेली होती. सकाळपेक्षा वाईट अवस्था.

मी टेबलावर डोकं टेकलं.

सिस्टर फुलझेले जवळ आल्या. पन्नाशीच्या, जाडजूड, आवाजानं कडक बाई. त्यांनी मला जवळ घेतलं नाही की काही नाही. म्हणाल्या, "रडू नका मॅडम. डोळे सुजले का दिसनार नाही. चहा करते, साखर जास्त घालते. मग बसा."

"सिस्टर, नाही होणार हे. पट्टीच उरली नाही."

"मग काय सांगू त्याले?" त्यांनी दसरूकडे बोट केलं. "तुम्ही सांगा. मी नाही सांगत."

मी त्याच्याकडे बघितलं. तो आमच्याकडे बघत होता. मराठी त्याला चांगली कळत होती.

ती रात्र कशी गेली ते सांगत बसत नाही. डॉक्टर, सिस्टर आणि दसरू आळीपाळीनं दाबत होते आणि मला डॉक्टरांनी दटावून झोपायला पाठवलं होतं, हात शांत राहावेत म्हणून. मी पडून फुग्याचा आवाज ऐकत होते.

सकाळी खोलीत गेले तर डॉक्टर भिंतीला टेकून खाली बसले होते, तोंड राखेसारखं. सिस्टर ओसरीत, तिथं एक म्हातारा हगवणीनं अत्यवस्थ होता. फुगा दसरूकडे. त्याच्या तळहातांवरचे फोड फुटले होते, रबर ओलं लाल दिसत होतं. आता तो पंज्यानं दाबत नव्हता. कोपरं छातीशी आवळून, पुढेमागे झुलत, अख्ख्या अंगानं दाबत होता. आणि अजून तिच्या कानाशी तेच पुटपुटणं.

"दसरू," डॉक्टर म्हणाले, "ऐक. मी खोटं बोलणार नाही. ती आत आहे की नाही हे मला कळत नाही. तुझे हात जर चाललेच नाहीत, तर तुला कुणी बोल लावणार नाही. मी तर नाहीच."

दसरू झुलत राहिला. तसाच म्हणाला, "माले थांबता येत नाही जी."

"येत नाही म्हणजे?"

"तिनं सांगतलं नाही ना."

आम्हाला वाटलं, झोप नाही, भ्रमात बोलतोय.

मी पुन्हा टेबलाशी बसले. डोक्यात काल रात्रभर एकच गोष्ट घोळत होती. पट्टी वाकते म्हणून तुटते. मग तिला वाकू द्यायचंच नाही. दरवाजा बंद करायचाच नाही. यंत्र उघडंच ठेवायचं, आतडी बाहेर काढल्यासारखं, आणि दरवाजा पट्टीच्या पातळीत सपाट आडवा ठेवायचा.

कुरतडलेला सगळा भाग मी कात्रीनं कापून टाकला. आता मागं फिरायला जागा नव्हती. दोन्ही तुकडे एका उलट्या ट्रेवर सपाट चिकटवले, आणि मधल्या फटीवरून तारांचे पूल टाकत गेले. प्रत्येक पूल थोडा सैल, कमानीसारखा, म्हणजे धक्का लागला तरी डागावर ताण येणार नाही. शेजारच्या तारा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मधे काहीतरी हवं होतं.

"सिस्टर!" मी हाक मारली. "नखांना लावायचं आहे का तुमच्याकडे?"

त्या ओसरीतून डोकावल्या. "काय?"

"नेलपॉलिश."

त्यांच्या कडक चेहऱ्यावर लाज आली. कपाटातल्या पर्समधून त्यांनी एक गुलाबी बाटली आणली. "भाचीच्या लग्नात लावलं होतं," म्हणाल्या, आणि तशाच परत पळाल्या.

एक डाग, त्यावर गुलाबी थेंब, फुंकर. दुसरा डाग, थेंब, फुंकर. डॉक्टर मधेच उठले, दसरूला बाजूला करायला गेले. दसरूनं त्यांना खांद्यानं ढकललं. ते परत बसले. माझ्या लक्षात आलं की मी फुग्याच्या तालावर काम करतेय. फूस झालं की टेकवायचं, थांब्यात उचलायचं. एकदा थांबा लांबला. मी वळून बघितलं. दसरूचे डोळे मिटले होते आणि हात हवेत तसेच. मी खुर्चीतून अर्धी उठले. डॉक्टर ओरडले, "तुम्ही नाही!" आणि स्वतः रांगत गेले. पण ते पोचायच्या आत दसरूनं स्वतःच्याच दंडाला कडकडून चावा घेतला आणि फुगा दाबला.

बटण दाबायच्या वेळी मी कुणाला बोलावलं नाही.

हिरवा दिवा लागला. आकडे आले. मोटर घुरघुरली. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. दिवा लागलेलाच.

"डॉक्टर," मी म्हटलं, "नळी जोडा."

नळी जोडली. यंत्रानं श्वास दिला, सोमारीची छाती वर आली. खाली बसली. पुन्हा वर आली. कुणीही दाबत नव्हतं.

दसरूला फुगा सोडता येईना. सोडायचा होता, पण बोटं उघडत नव्हती. सिस्टरांनी त्याच्यासमोर गुडघ्यावर बसून एकेक बोट सोडवलं.

त्यानंतरचे दिवस आम्ही त्या टेबलाभोवती पाय वाजवतसुद्धा नव्हतो. ट्रे चिकटपट्ट्यांनी टेबलाला जखडला होता. गुलाबी थेंबांखालच्या त्या तारा इतक्या बारीक होत्या की उजेड तिरपा पडला तरच दिसायच्या. मी खुर्चीतच झोपायचे. दोनदा एकेक डाग सुटला; दोन्ही वेळा डॉक्टरांनी फुगा धरला आणि मी पुन्हा जोडला. दसरूच्या हातांना पट्ट्या बांधल्या होत्या. तो उशाशी बसून असायचा, आता न बोलता.

पाणी ओसरायला लागलं त्या दुपारी सोमारीच्या उजव्या हाताचं बोट हललं.

आधी सिस्टरांनी पाहिलं. "डॉक्टर! बोट! हललं!" डॉक्टर आले, मी आले. पुन्हा हललं. स्पष्ट. डॉक्टर एवढ्या मोठ्यानं हसले की ओसरीतले रोगी उठून बसले. "आहे! अरे, आहे ही आत!"

दसरू मात्र उभा राहिला, त्या बोटाकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की माझं हसणं थांबलं. तो मागं मागं सरकत दारापर्यंत गेला आणि बाहेर पळाला.

आम्हाला तो विहिरीपाशी सापडला. पट्ट्या बांधलेले हात डोक्यावर घेऊन उकिडवा बसला होता. सिस्टर त्याच्याशी माडियात बोलल्या. तो मग सांगायला लागला, आणि सिस्टर जागच्या जागी खाली बसल्या.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"म्हणतो, फुगा दाबताना तो तिले सांगत होता," सिस्टर थांबत थांबत बोलल्या. "तुले जायचं असन तर बोट हलव. मी सोडतो. नाही हलवलं तर मी समजन, तुले राहायचं हाये. सारा वेळ तेच सांगत होता. म्हणतो, आता तिनं हलवलं."

"पण तिला तेव्हा हलवता येतच नव्हतं!"

दसरूनं मान वर केली. हे तो माझ्याशी मराठीत बोलला.

"ठाव होतं जी. म्हणूनच तसं बोललो. उलटं बोललो असतो, राहाचं असन तर हलव म्हटलं असतं, तर माले सोडा लागलं असतं."

 सिस्टरांनी त्याला हाताला धरून उठवायचा प्रयत्न केला. तो उठला नाही. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशीही तो खोलीत आला नाही. पायरीवर बसायचा आणि आतून यंत्राचा आवाज येतोय ना, एवढं ऐकायचा.

सोमारीची नळी निघाली तेव्हा तिचा आवाज कोरड्या पानासारखा होता. पाणी प्यायली. सिस्टरांना नावानं हाक मारली. त्यांचं नाव तिला कसं ठाऊक, असं डॉक्टरांनी विचारलं, तर म्हणाली, "तुमी हाका मारत होते ना."

डॉक्टर खाटेच्या कडेवर बसले. "तुला ऐकू येत होतं? सगळं?"

तिनं डोळ्यांनी होय म्हटलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी रडल्या. मग चहा पेल्या."

मला राहवलं नाही. "सोमारी, दसरू काय बोलत होता तेही ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग?"

ती छताकडे बघत राहिली. "पयल्या दिवशी मी लय जोर लावला. साऱ्या आंगाचा जोर बोटात. हललंच नाही जी."

सिस्टरांनी पदर तोंडाला लावला.

"जायचं होतं तुला?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"तो हापत होता ना. माह्या कानातच होता. माहा दम तो घेत होता आन् त्याले सोताचा उरत नव्हता. त्याचे हात सुटावं म्हनून हलवत होती मी."

"आणि परवा? परवा हललं ते?"

सोमारीच्या कोरड्या ओठांची एक कड वाकडी झाली. "मुंगी होती जी बोटावर. लाल. लय चावली."

डॉक्टर उठून पायरीवर गेले. त्यांनी दसरूला काय सांगितलं ते मी ऐकलं नाही.

पूल उघडला तसं मला निघावं लागलं. नवी पट्टी मी पुढच्या महिन्यात येऊन बसवली. त्या दिवशी निघताना सगळ्यांचा निरोप घ्यायला खोलीत गेले. सोमारी उशीला टेकून बसली होती. दसरू खाटेशेजारी जमिनीवर. त्याची सुजलेली बोटं अजून मिटत नव्हती, चमचाही धरवत नव्हता. मांडीवर थाळी घेऊन सोमारी त्याला पेज भरवत होती. तिचाच हात इतका कापत होता की निम्मी पेज त्याच्या दाढीवर सांडत होती.

मला बघून तो लाजला आणि तोंड फिरवलं. सोमारीनं त्याच्या हनुवटीला धरून ते परत आपल्याकडे वळवलं. माडियात काहीतरी म्हणाली, रागावून.

त्यानं तोंड उघडलं.